रियाजाच्या खोलीतला नवा टॅब

टॅब घेण्याआधी परीक्षणं पुष्कळ वाचली. गेम किती फ्रेमने चालतो, बेंचमार्कचा आकडा किती आला, व्हिडिओ किती तास चालला, सगळं कळलं. मला हवं होतं ते मात्र कुणी लिहिलेलं दिसलं नाही: तानपुरा लावून स्क्रीन बंद केली तर तो तासभर अखंड वाजतो का? मी सांगलीत गाण्याचे क्लास घेते. माझ्या लेखी टॅबचा परफॉर्मन्स म्हणजे तेवढाच. तेव्हा हे परीक्षण गाणाऱ्या-वाजवणाऱ्या-शिकवणाऱ्या मंडळींसाठी आहे. गेम एकही टाकलेला नाही, टाकणारही नाही.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वीस हजारांच्या आतबाहेर चार-पाच कंपन्या जवळपास हाच माल वेगवेगळ्या खोक्यांत घालून विकतात, आणि सहा महिन्यांत मॉडेलचं नाव बदलतं. वस्तू अशी आहे: 11 इंची एलसीडी पडदा, 90 हर्ट्झचा, मीडियाटेकची हेलिओ जी99 चिप, 8 जीबी रॅम, 128 जीबी साठवण, मेमरी कार्डाला जागा, फक्त वायफाय, सिम नाही, चार स्पीकर, आणि ज्यासाठी मी बाकीच्या दोन टॅबना नाही म्हटलं, तो 3.5 मिलिमीटरचा हेडफोन जॅक. दुकानातला मुलगा म्हणाला, "काकू, आता वायर कोण वापरतं?" मी वापरते. का ते पुढे येईलच.

जी99 ही 2022 ची चिप. 6 नॅनोमीटरची, आठ कोअरची. त्यातले दोन कॉर्टेक्स ए76 जोर लावणारे आणि सहा ए55 काटकसरीने चालणारे. तानपुरा किंवा ठेका वाजवायला ए55 सुद्धा जास्तच झाले. आवाजाच्या कामात चिप कमी पडते असं या टॅबवर मला एकदाही जाणवलं नाही. जे काही अडलं ते सगळं वरच्या सॉफ्टवेअरमुळे.

आता कुणी म्हणेल, मिरज हाकेच्या अंतरावर असताना ॲपचा तानपुरा कशाला? तानपुरा आहे ना घरात, मिरजेचाच आहे, सतारमेकर गल्लीतला. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण संध्याकाळी पाच ते आठ या वेळात माझ्याकडे गाण्याच्या प्रारंभिक परीक्षेची मुलं येतात, मग मध्यमा परीक्षेच्या मुली, मग बँकेतून सुटलेले एक गृहस्थ. मुलींची पट्टी (पेटीच्या ज्या पट्टीवर सा धरतात ती) काळी चार किंवा काळी पाच, त्या गृहस्थांची काळी एक. तीन तासांत तीनदा तानपुरा उतरवायचा, चढवायचा, पावसाळ्यात तर दर अर्ध्या तासाने मणी सरकवत बसायचं, आणि हे सगळं करताना पेटीवरचे हात सोडायचे, हे जमत नाही. आजवर रॅडेलची रागिणी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक तानपुरा, होती, ती अजून ठणठणीत आहे आणि टॅब आला म्हणून ती काही कपाटात गेलेली नाही. टॅब हवा होता तो एकाच वस्तूवर तानपुरा, ठेका, बंदिशींच्या वह्या आणि परदेशातल्या विद्यार्थिनीचा क्लास, हे सगळं असावं म्हणून.

पहिल्याच आठवड्यात या टॅबने रंग दाखवला. मध्यमाची एक मुलगी यमनचे आलाप करत होती. तानपुरा टॅबवर, स्क्रीन बंद. छान निषादावर थांबली होती आणि तेवढ्यात तानपुरा गप्प. खोलीत फक्त पंखा. ती दचकून म्हणाली, "ताई, मी काही दाबलं का?" तिने काहीच दाबलं नव्हतं. टॅबने परस्पर ठरवलं होतं की स्क्रीन बंद आहे, कुणी हात लावत नाही, म्हणजे हे ॲप उगाच बॅटरी खातंय, आणि ते मारून टाकलं. पुढे आठवडाभर असंच. कधी दहा मिनिटांनी, कधी पस्तीस मिनिटांनी. नेमक्या वेळाने बंद पडलं असतं तर एक वेळ सवय केली असती.

याला उपाय आहे आणि तो केल्यापासून तानपुरा एकदाही तुटलेला नाही, म्हणून नीट सांगते. सेटिंगमध्ये ॲपांच्या यादीत जाऊन तानपुऱ्याचं ॲप उघडायचं, त्यात बॅटरी, आणि तिथे 'ऑप्टिमाइझ्ड' असेल ते काढून 'अनरिस्ट्रिक्टेड' करायचं. हे अँड्रॉइडचं स्वतःचं सेटिंग झालं. पण बऱ्याच कंपन्या त्यावर आपला आणखी एक पहारेकरी बसवतात. माझ्या टॅबमध्ये तो 'ऑटोस्टार्ट' नावाच्या वेगळ्याच पानावर लपलेला होता. तिथेही परवानगी द्यावी लागली. तिसरं म्हणजे, चालू ॲपांची जी पानं खालून वर बोट सरकवून दिसतात, त्यात तानपुऱ्याच्या पानावर दाबून धरलं की कुलपाचं चिन्ह येतं. ते लावून टाकायचं. म्हणजे 'सगळं बंद करा' म्हटलं तरी ते एक चालू राहतं. सॉफ्टवेअरचं नवं अपडेट आल्यावर यातलं मधलं सेटिंग पुन्हा मूळपदावर गेलं होतं, तेव्हा अपडेट झालं की एकदा बघून घ्यायचं.

याच भागात 'रॅम वाढवा' अशीही एक सोय दिसते. साठवणीतली काही जीबी रॅमसारखी वापरायची, अशी ती कल्पना. मी ती चालू करून पाहिली, बंद करून पाहिली. तानपुऱ्याच्या मरणाशी तिचा काही संबंध नव्हता. 8 जीबीत माझं भागतं, म्हणून बंद ठेवली आहे. खोक्यावर मात्र ही उसनी रॅम धरूनच आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो.

दुसरा त्रास छोटा, पण गाणाऱ्याला जास्त लागणारा. व्हॉट्सॲपचा मेसेज आला की टुंग वाजतं, आणि त्या टुंगला वाट देण्यासाठी अँड्रॉइड बाकीचा आवाज क्षणभर खाली ओढतं. गाणी ऐकताना हे लक्षातही येत नाही. तानपुऱ्यात मात्र सूर एकदम पातळ होऊन परत येतो आणि गाणाऱ्याचा गळा त्याच्याबरोबर डगमगतो. क्लासच्या वेळात 'डू नॉट डिस्टर्ब' आपोआप लागेल असं वेळापत्रक लावून दिलं, प्रश्न मिटला. मुलांच्या आयांना सांगून ठेवलंय, पाच ते आठ मेसेजला उत्तर येणार नाही. हा टॅबचा आणखी एक फायदा धरायला हरकत नाही.

आता आवाज. दुकानात चार स्पीकरचं फार कौतुक झालं. गाणी, बातम्या, सिनेमा यांसाठी ते खरंच बरे आहेत, मोठे आहेत, फाटत नाहीत. पण तानपुऱ्याची गोष्ट निराळी. काळी चारच्या तानपुऱ्यात जोडाच्या (मधल्या दोन) तारा साधारण 208 हर्ट्झवर आणि खर्ज, म्हणजे सर्वांत खालच्या सा ची तार, त्याच्या निम्म्यावर, 104 वर. काळी एक घेतली तर खर्ज 69 वर जातो. नखाएवढ्या स्पीकरमधून 69 हर्ट्झ निघणं शक्य नाही, 104 सुद्धा नावालाच. तरीही आपल्याला खर्ज वाजल्यासारखा वाटतो, कारण वरचे सगळे स्वरांश (मूळ सुराबरोबर उठणारे बारीक सूर) शाबूत असतात आणि त्यांवरून कान खालचा सूर जुळवून घेतो. गंमत म्हणजे काळी चारच्या खर्जातून आपोआप उठणारा स्वयंभू गंधार, जो त्याच्या पाचपट म्हणजे 519 हर्ट्झच्या आसपास असतो, तो या स्पीकरवर स्वच्छ ऐकू येतो. मुली लगेच म्हणाल्या, "ताई, यात गंधार किती छान येतो!" येतो, कारण खाली त्याला झाकायला काही उरलेलंच नाही. मुलींना चालून जातं. त्या बँकवाल्या गृहस्थांना नाही चालत. पुरुषाच्या पट्टीत खर्जाचा आधार नसेल तर षड्ज लावताना माणूस चाचपडत राहतो.

आवाज 'सुधारणारी' जी सोय टॅबमध्ये आधीपासून चालू असते, ती पहिल्या दिवशी बंद करा. ती बारीक आवाज मोठे करते आणि मोठे दाबते. बोलण्याला ते ठीक. तानपुऱ्यात तार छेडल्यावर आवाज उठतो, मग जवारीची (तार घोडीला घासून उठणारी) गुंजी फुलत-फुलत विरत जाते, आणि त्या विरण्यातच सगळी मजा असते. ही सोय ते विरणंच सपाट करून टाकते. चारही तारा एका उंचीच्या ऐकू येतात, पिठाच्या गिरणीसारख्या.

म्हणूनच जॅक. वायर लावून आवाज घरातल्या जुन्या ॲम्प्लिफायरला आणि त्याच्या आठ इंची स्पीकरला दिला, की 69 हर्ट्झचा खर्ज सुद्धा जमिनीतून आल्यासारखा लागतो. त्या गृहस्थांचा षड्ज त्याच दिवशी सुधारला, आणि ते श्रेय माझं नाही.

पण इथेही एक भानगड आहे. टॅब चार्जिंगला लावून त्याच वेळी वायरने ॲम्प्लिफायरला जोडला की मागे घरघर सुरू होते. आपल्याकडच्या विजेची कंपनं 50 हर्ट्झ, त्यामुळे घरघर 50 वर आणि तिच्या दुपटीवर, 100 वर. माझ्या काळी चारचा खर्ज 104 वर. दोन सूर इतके जवळ आले की एकमेकांवर आपटतात आणि सेकंदाला चार या गतीने वँव-वँव-वँव ऐकू येतं. मी पहिल्यांदा ॲपमधला तानपुराच बेसूर समजले, सेंटने (सूर मोजायच्या बारीक मापाने) वरखाली करून पाहिला. चार्जर काढला, घरघर गेली. टॅबचा दोष म्हणावा तर चार्जर, ॲम्प्लिफायर आणि घरातलं अर्थिंग या तिघांचा तो मिळून कारभार आहे. आता क्लासच्या आधी चार्ज करून घेते. तीन तास तानपुरा, स्क्रीन बंद, यात बॅटरी इतकी कमी उतरते की त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. रोज संध्याकाळी वीज गेली तरी क्लास बुडत नाही, हे रागिणीच्या मानाने मोठं सुख.

ब्लूटूथवर लोक विनाकारण तुटून पडतात, त्याबद्दलही थोडं. ब्लूटूथ स्पीकरवर आवाज उशिरा पोचतो, दोनशे मिलिसेकंद तरी धरून चाला. द्रुत तीनताल मिनिटाला 240 मात्रांनी चालला असेल तर एक मात्रा 250 मिलिसेकंदांची, म्हणजे जवळजवळ एक मात्रा मागे. ऐकायला भयंकर वाटतं. पण तानपुरा आणि ठेका दोन्ही एकाच स्पीकरमधून, एकाच उशिराने येत असतील आणि तुम्ही कानाने ऐकून गात असाल, तर तुमच्या दृष्टीने उशीर झालेलाच नाही. घोटाळा होतो तो पडद्याकडे बघणाऱ्यांचा. ठेक्याच्या ॲपमध्ये मात्रांचे चौकोन उजळत जातात; डोळ्याला सम (तालाची पहिली मात्रा) आधी दिसते, कानाला नंतर ऐकू येते. लहान मुलं हटकून चौकोन बघतात आणि समेच्या आधी येऊन बसतात. त्यांच्यासाठी टॅब पालथा ठेवायचा. विलंबित एकतालाला तर कसलाच प्रश्न नाही, तिथे एका मात्रेत चार-पाच सेकंद मावतात.

आता परदेशातली विद्यार्थिनी. ती न्यू जर्सीत असते, मूळची इचलकरंजीची. माझे सकाळचे साडेसहा म्हणजे उन्हाळ्यात तिच्याकडे आदल्या रात्रीचे नऊ, हिवाळ्यात त्यांची घड्याळं मागे गेली की आठ. व्हिडिओ कॉलवर गाणं शिकवणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे, पण नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी सांगते: सगळ्याच व्हिडिओ कॉलच्या ॲपांना तानपुरा म्हणजे पंख्याचा आवाज वाटतो. सतत एकसारखं काही वाजत असेल तर ते नको असलेलंच असणार, असं धरून ती तो गाळतात. लांब लावलेला षड्जही कधीकधी त्यातच जातो. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' नावाचा पर्याय आहे, तो चालू केला की ही गाळणी बाजूला होते. लॅपटॉपवर संगीतासाठी जास्त बारकावे मिळतात, टॅबवर त्यामानाने कमी, पण काम भागतं.

तानपुरा आणि कॉल दोन्ही याच टॅबवर चालवू म्हटलं तर मात्र जमत नाही. टॅबच्या स्पीकरमधून निघालेला आवाज त्याच टॅबच्या मायक्रोफोनमध्ये शिरला की ॲप त्याला प्रतिध्वनी समजून पुसून टाकतं. मला तानपुरा ऐकू येतोय आणि ती तिकडून विचारतेय, "ताई, तानपुरा लावला नाहीत का?" शेवटी मी जुनीच पद्धत चालू ठेवली: तानपुरा तिच्या घरी वाजतो. तिचा आवाज आणि तिचा तानपुरा एकत्र माझ्याकडे येतात, मी त्या सुरात गाते. दोघींनी एकदम गायचं नाही, मी म्हणायचं, मग तिने. मधला उशीर कुठलाच टॅब घालवू शकत नाही, पन्नास हजारांचा घेतला तरी.

त्या तासात चिपला खरी मेहनत पडते. झूम चालू, बाजूला निम्म्या पडद्यावर बंदिशीचं पीडीएफ, आणि मी पानं उलटतेय. पान उलटताना किंचित थबकतं, तिचं चित्र अधूनमधून अडखळतं, पण आवाज तुटत नाही. पाऊण तासाने मागची बाजू कोमट होते, पोळत नाही. एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: कॉल चालू असताना दुसऱ्या ॲपवर रेकॉर्डिंग लावलं तर फाइल तयार होते, वेळ पुढे सरकतो, पण आत शांतता भरते. अँड्रॉइड 10 पासून हा नियमच आहे, कॉलने मायक्रोफोन धरला असेल तर इतर ॲपांच्या हाती फक्त रिकामी फाइल येते. तास रेकॉर्ड करायचा असेल तर कॉलच्या ॲपमधूनच करा, नाहीतर शेजारी फोन ठेवा.

कॉल नसताना मात्र रेकॉर्डिंगसाठी हा टॅब मला फोनपेक्षा आवडला. पडदा मोठा असल्याने आवाजाची नक्षी नीट दिसते, कुठे श्वास घेतला ते मुलीला बोट ठेवून दाखवता येतं. 128 केबीपीएसने मिनिटाला साधारण एक एमबी लागतो, तासाला साठ एमबीच्या आत. मेमरी कार्ड टाकलंय, जागेची चिंता वर्षभर नाही.

वह्यांचं प्रकरण. माझ्याकडे तीन पिढ्यांच्या हस्तलिखित वह्या आहेत, काही माझ्या गुरूंच्या अक्षरातल्या, शाई पसरलेल्या. त्या स्कॅन करून ठेवल्या आहेत. 11 इंची टॅब उभा धरला की पडद्याची रुंदी बरोबर ए5 कागदाएवढी भरते, 148 मिलिमीटर. वह्या साधारण त्याच मापाच्या, त्यामुळे पान जवळजवळ मूळ आकारात दिसतं आणि चष्म्याशिवायही स्वर वाचता येतात. छापील ए4 पानं मात्र सत्तर टक्क्यांवर येतात. बोलांच्या डोक्यावरचे कणस्वर दिसेनासे होतात. मोठे स्कॅन उघडताना पहिलं पान क्षणभर धूसर येतं, मग ठरतं. 90 हर्ट्झमुळे सरकवताना डोळ्याला त्रास होत नाही, एवढाच त्या आकड्याचा मला उपयोग. रात्री पेटीवर टॅब उभा केला आणि डोक्यावर ट्यूब असली की पडद्यात ट्यूबच दिसते. चकाकी घालवणारा मॅट कागद बसवून घेतला, तेव्हापासून बरं आहे; अक्षर किंचित खरखरीत दिसतं.

पेन घ्यावं का? कंपनीचं पेन वेगळं विकत घ्यावं लागतं आणि ते टॅबच्या किमतीच्या मानाने महाग वाटतं. मी ते एका विद्यार्थिनीकडून चार दिवस मागून आणलं होतं. भातखंडे पद्धतीने स्वरलिपी लिहायची म्हणजे सगळा खेळ बारक्या खुणांचा: मंद्राला खाली टिंब, ताराला वर टिंब, कोमलाला खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मींड दाखवायला वरून कमान. संथ लिहिलं तर पेन सगळं बरोबर उमटवतं. क्लासमध्ये मुलगी गातेय आणि मी घाईने तिची तान टिपतेय, तेव्हा टिंबं गळतात. पेन पडद्याला नीट टेकायच्या आत मी पुढे गेलेली असते. टिंब गळलं की मंद्र निषाद मध्य होतो, आणि महिनाभराने वाचताना आपलंच लिहिणं आपल्याला खोटं वाटतं. हाताचा तळवा टेकला तर एखादी फिकट रेघ उमटते तीही निराळीच. मी पेन घेतलं नाही.

टंकायचं असेल तर एक युक्ती मला पूर्वीपासून उपयोगी पडते. देवनागरी युनिकोडमध्ये वेदपठणाच्या स्वरचिन्हांची सोय आहे, त्यातली वरची उभी रेघ तीव्र मध्यमाला आणि खालची आडवी रेघ कोमल स्वरांना चालून जाते: म॑, ग॒, ध॒. खालच्या टिंबाला नुक्ता, वरच्याला अनुस्वार. ही चिन्हं एका टिपणात साठवून ठेवायची आणि तिथून उचलायची. टॅबच्या फॉन्टमध्ये ती जागच्या जागी बसतात, सुटी पडत नाहीत, हे तपासून पाहिलं. व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर समोरच्याच्या जुन्या फोनवर मात्र काय दिसेल याचा नेम नाही. म्हणून मी फोटोच पाठवते.

बाकी किरकोळ. व्हॉट्सॲप टॅबवर फोनला जोडून चालतं, मुलांचे रेकॉर्ड केलेले पाठ मोठ्या पडद्यावर उघडायला सोयीचं. सिम नसल्याने यूपीआयचं काम टॅबवर होणार नाही, फी फोनवरच घ्यायची. कॅमेऱ्याबद्दल मला मत नाही. आडव्या धरलेल्या टॅबच्या वरच्या कडेला पुढचा कॅमेरा आहे, त्यामुळे कॉलवर मी विद्यार्थिनीकडे बघतेय असं तिला वाटतं, ते बरं. नवऱ्याने रविवारी त्यावर क्रिकेटची मॅच लावली, चित्र छान दिसलं म्हणाला, आणि टॅब परत मिळायला रात्र झाली. खोक्यातून निघालेलं कव्हर म्हणजे कव्हर नव्हे, चॉकलेटचा कागद. लक्ष्मी मार्केटजवळच्या शिंप्याकडून तानपुऱ्याच्या गवसणीच्या उरलेल्या कापडाची पिशवी शिवून घेतली.

घ्यायला जाणाऱ्यांना एवढंच: दुकानात जाताना वायरचे इअरफोन खिशात ठेवा. दुकानाच्या वायफायवर एखादं तानपुऱ्याचं ॲप उतरवून घ्या, आपली पट्टी लावा, इअरफोन कानात घाला आणि स्क्रीन बंद करा. मग बाजूला बसून इतर टॅब, किमती, हप्ते, काय ते बघत पंधरा-वीस मिनिटं काढा. आवाजात मागे बारीक सूं-सूं आहे का, तार विरते की सपाट होते, हे कळेल. मध्येच तानपुरा थांबला तर वर सांगितलेली बॅटरीची आणि ऑटोस्टार्टची सेटिंगं तिथेच शोधून बघा. ती त्या मॉडेलमध्ये सापडली आणि लावल्यावर तानपुरा चालू राहिला तर पैसे द्यायला हरकत नाही. सापडलीच नाहीत तर दुकानदार कितीही सूट देवो, दुसरा टॅब काढायला सांगा.